पाळी गेल्यानंतरची तीस वर्षं

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक निर्णय जाहीर केला. रजोनिवृत्तीच्या त्रासांवर दिल्या जाणाऱ्या हॉर्मोनच्या औषधांवर वीस-बावीस वर्षं काळ्या चौकटीत एक इशारा छापला जात होता. त्यातला हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचा मजकूर आता काढायचा, असं ठरलं. बातमी आली आणि मोबाइलवर फिरायला लागली. कुणी म्हणे, हॉर्मोन घ्या आणि तरुण राहा. कुणी म्हणे, हा सगळा औषध कंपन्यांचा डाव.

मला मात्र वेगळीच काळजी वाटली. ज्या बायकांच्या हातात ही बातमी पडली, त्यांतल्या कितीतरी जणींना पाळी जाताना शरीरात काय होतं हेच कधी कुणी सांगितलेलं नाही. पाळी येते तेव्हा शाळेत निदान मुलींना बाजूला बसवून बाई काहीतरी समजावतात. पाळी जाते तेव्हा समजावणारं कुणी नसतं. डिचोलीत काय, फोंड्यात काय, पन्नाशीच्या बायका भेटल्या की "तुझी गेली गो?" एवढंच विचारतात, आणि "गेली बाई, सुटले" एवढंच उत्तर येतं. महिन्याच्या त्रासातून सुटका होते हे खरंच आहे. पण गोव्यातल्या बाईची पाळी सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली, तर तिच्यापुढे अजून तीस-एक वर्षांचं आयुष्य असतं. गरम वाफा, घाम, चिडचिड हा दिसणारा भाग काही वर्षांत ओसरतो. हाडं, रक्तवाहिन्या आणि मूत्रमार्ग यांच्यातला न दिसणारा बदल त्याच सुमारास सुरू होतो आणि पुढे चालूच राहतो. म्हणून औषधाकडे वळण्याआधी शरीराकडे बघू.

पाळी जाते म्हणजे काय होतं?

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या दोन बीजकोशांत मिळून १० ते २० लाख स्त्रीबीजं असतात. पुढे नवीन तयार होत नाहीत. वयात येईपर्यंत त्यांतली ३-४ लाख उरतात, आणि आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम ४००-५००. बाकीची आपोआप विरून जातात. प्रत्येक बीज ज्या पेशींच्या आवरणात वाढतं, तेच आवरण इस्ट्रोजेन हे हॉर्मोन तयार करतं. त्यामुळे बीजं संपत आली की इस्ट्रोजेनचा पुरवठाही संपत येतो.

हा पुरवठा नळ हळूहळू बंद व्हावा तसा एका चालीने कमी होत गेला असता, तर त्रास बराच कमी झाला असता. तसं होत नाही. बीजकोश दाद देईनासे झाले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी त्यांना कामाला लावणारं हॉर्मोन जास्त जास्त सोडते. त्या रेट्याने एखाद्या महिन्यात इस्ट्रोजेन नेहमीपेक्षाही वर जातं, पुढच्या महिन्यात तळ गाठतं. बीज बाहेर पडलं नाही तर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन तयारच होत नाही, आणि गर्भाशयाचं अस्तर वाढत राहून एकदम सुटतं. म्हणूनच या वर्षांत कधी दोन महिने पाळी नाही, तर कधी दहा दिवस अंगावरून थांबायचं नाव नाही, असं होतं. अशा जास्त रक्तस्रावाने हिमोग्लोबिन उतरतं आणि चढण चढताना धाप लागते. "वयच झालं" म्हणून ते सोडून देऊ नये. साध्या रक्ततपासणीत कळतं.

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं म्हणायचं. म्हणजे ती झाली हे वर्ष उलटल्यावरच कळतं. भारतात तिचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ५१. आधीचा अनियमिततेचा काळ साधारण चार वर्षं चालतो, कुणाला कमी, कुणाला बराच जास्त. ४५ च्या आत पाळी गेली तर ती लवकर गेली, आणि ४० च्या आत गेली तर तो तपासून घेण्याचाच विषय. तंबाखू ओढणाऱ्या बायकांची पाळी एक-दोन वर्षं आधी जाते.

या अनियमित काळात दिवस राहू शकतात, हे पुष्कळ जोडप्यांच्या लक्षात येत नाही. पन्नाशीच्या आत पाळी थांबली असेल तर पुढे दोन वर्षं, आणि पन्नाशीनंतर थांबली असेल तर एक वर्ष काळजी घ्यावी असा संकेत आहे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला "पाळी जातेय का" हे ठरवायला हॉर्मोनच्या महागड्या तपासण्या सहसा लागत नाहीत. रोज वरखाली होणारा आकडा एका दिवशी मोजून फारसं काही हाती येत नाही. थायरॉइड मात्र जरूर तपासावं, कारण त्याची लक्षणं हुबेहूब अशीच असतात.

गरम वाफा कुठून येतात?

मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारा एक भाग आहे. एरवी अंग किंचित तापलं किंवा गार झालं तर तो दुर्लक्ष करतो. इस्ट्रोजेन कमी झालं की त्या भागातल्या काही मज्जापेशी अतिजागरूक होतात, आणि इतकासा फरकही त्याला सहन होत नाही. चहाचा घोट, पटकन चढलेला जिना, मनात आलेली एखादी काळजी एवढं पुरतं. शरीर फार तापलंय अशी समजूत होऊन मेंदू उष्णता बाहेर टाकायचा हुकूम देतो. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुगतात. छातीतून मानेकडे, मानेतून कानशिलांकडे ऊब चढत जाते, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, घामाने ब्लाउज पाठीला चिकटतो. दोन-चार मिनिटांत ओसरलं की उलट हुडहुडी भरते. यात ताप नसतो, थर्मामीटर काही दाखवत नाही.

आपल्याकडे एक पंचाईत आहे. मे महिन्यात, पाऊस तोंडावर आलेला असताना, गोव्यात सगळेच घामाने निथळत असतात. "उकडतंय" म्हणणाऱ्या बाईचं म्हणणं कोण वेगळं ऐकणार? फरक रात्री कळतो. शेजारी झोपलेला नवरा पंखा कमी करून चादर ओढून घेतो, आणि ही तीन वाजता उठून भिजलेला गाऊन बदलून खिडकीत उभी असते. अशा तीन-चार वेळा मोडलेल्या झोपेनंतर सकाळी डबे भरून, कदंब बस पकडून, नऊ वाजता कचेरीत फायलीतला आकडा आठवेना झाला तर नवल नाही.

हे किती वर्षं चालतं? अमेरिकेत १९९६ पासून हजारो बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास झाला. त्यात वारंवार वाफा येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या जणींना हा त्रास ७.४ वर्षांहून जास्त काळ होत राहिला. "सहा महिने कळ काढ, जाईल" हा सल्ला किती जणींना लागू पडत नाही ते यावरून कळावं. त्याच अभ्यासात दिलासा देणारीही गोष्ट निघाली. या संक्रमणकाळात नवीन गोष्टी लक्षात राहण्याचा वेग मंदावतो, पण पाळी गेल्यावर तो पुन्हा पूर्ववत होतो. पन्नाशीतला विसराळूपणा म्हणजे स्मृतिभ्रंशाची सुरुवात, या भीतीने ज्या बायका आतल्या आत झुरतात, त्यांना हे सांगायला हवं.

मन खचणं हा वेगळा विषय. या काळात नैराश्याचा धोका खरोखर वाढतो, विशेषतः ज्यांना आधी कधी तसा त्रास झाला आहे त्यांना. सासूचं आजारपण, मुलांचं शिक्षणासाठी बाहेर जाणं, नोकरीतला ताण हे सगळं त्याच वयात गाठतं. तरी "तुला काय कमी आहे?" असं विचारून ते उडवून लावणं क्रूरपणाचं आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटेनासा झाला, तर तो उपचाराचा विषय आहे.

"आमच्या आजीला कुठे असलं काही होतं?"

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. सासवा विचारतात, पुरुष विचारतात, कधी बायका स्वतःलाच विचारतात. आजीलाही होत होतं. रात्री पडवीत येऊन पदराने वारा घेत बसलेली आजी अनेकांना आठवत असेल. तेव्हा त्याला नाव नव्हतं आणि सांगायला माणूस नव्हतं, इतकंच. पुष्कळ बायका पन्नाशी-साठीपलीकडे जगतही नव्हत्या, त्यामुळे दूरचे परिणाम दिसायला वेळच मिळत नव्हता.

ज्या जगल्या, त्यांच्याकडे नीट बघा. कमरेतून वाकलेली, पूर्वीपेक्षा वीतभर बुटकी झालेली, काठी टेकत जमिनीकडे बघत चालणारी म्हातारी पूर्वी प्रत्येक वाड्यावर एक तरी असायची. म्हातारपणी माणूस वाकतोच, असं आपण धरून चाललो. पण त्यांतल्या बऱ्याच जणींच्या पाठीचे मणके आतून दबत, मोडत गेले होते. कुणी एक्स-रे काढला नव्हता.

हाडांचं काय होतं?

हाड म्हणजे एकदा घडलं की संपलं, अशी वस्तू नाही. त्यात सतत डागडुजी चालू असते. चिरेबंदी घराचं उदाहरण घ्या. एक टोळी भिंतीतले झिजलेले चिरे काढत असते आणि दुसरी मागोमाग नवे बसवत असते. दोन्ही टोळ्या बरोबरीने चालल्या तर भिंत शंभर वर्षं उभी राहते. इस्ट्रोजेन हा चिरे काढणाऱ्या टोळीला आवरून धरणारा मुकादम. तो निघून गेला की काढणारे बेफाम काढत सुटतात आणि बसवणाऱ्यांना गाठता येत नाही. बाहेरून गिलावा जसाच्या तसा दिसतो, आत पोकळी वाढत जाते.

ही झीज सर्वांत जोरात होते ती पाळी जाण्याच्या सुमारास आणि नंतरच्या पाच-सात वर्षांत. या अवधीत काही बायकांच्या हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. पुढे वेग कमी होतो, पण झीज थांबत नाही. दुखत काहीच नाही. पहिली खूण म्हणजे थेट मोडलेलं हाड.

ते बहुधा मनगटाचं असतं. जुलैत शेवाळलेल्या अंगणात, तुळशीकडे जाताना किंवा मागीलदारी भांडी घासायला जाताना पाय घसरतो. पडताना हात पुढे येतो आणि मनगट मोडतं. प्लास्टर होतं, सहा आठवड्यांनी ते निघतं, आणि घरातले म्हणतात, "शेवाळच इतकं होतं, पडणार नाही तर काय!" मला या ठिकाणी ओरडून सांगावंसं वाटतं: उभ्या उभ्या पडून, म्हणजे आपल्याच उंचीवरून पडून, पन्नाशीच्या बाईचं हाड मोडलं, तर दोष फक्त शेवाळाचा नाही. त्या हाडाची तपासणी व्हायला हवी. मनगटानंतर मणके असतात, सत्तरीनंतर खुबा असतो, आणि खुबा मोडलेल्या कितीतरी म्हाताऱ्या पुन्हा स्वतःच्या पायावर घरभर फिरू शकत नाहीत.

तपासणीचं नाव डेक्सा. झोपून करायचा, दहा-पंधरा मिनिटांचा, अगदी कमी किरणांचा एक्स-रे. रिपोर्टमध्ये टी-स्कोअर नावाचा आकडा असतो, जो तुमच्या हाडांची तुलना निरोगी तरुण बाईच्या हाडांशी करतो. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ आणि उणे २.५ यांच्या मध्ये असेल तर घनता कमी झाली आहे. उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर हाडं ठिसूळ झाली आहेत, आणि त्यावर चांगली औषधं आहेत. पासष्टीनंतर प्रत्येकीने ही तपासणी करावी असं मानलं जातं. पाळी लवकर गेली असेल, एखादं हाड मोडलं असेल, अनेक महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील किंवा आईचा खुबा मोडला असेल, तर त्याआधीच.

खाण्याबद्दल. रजोनिवृत्तीनंतर दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत आहे. पेलाभर दुधातून २४० च्या आसपास मिळतं, १०० ग्रॅम नाचण्यातून साडेतीनशेच्या आसपास. आपल्याकडे नाचण्याची भाकरी आणि आंबील गरिबाची म्हणून मागे पडली. तिला परत आणायला हे वय योग्य आहे. काट्यांसकट चावून खाता येणारे बारके मासे उत्तम. सुक्या गालम्याची, म्हणजे बारक्या सुकटीची, किसमूरही कॅल्शियमला चांगली, पण तिच्यात मीठ फार, रक्तदाब असेल तर बेताने. तीळ आहेत, तांबडी भाजी आहे. ड जीवनसत्त्व रक्तात तपासून घ्यावं. गोव्यात ऊन भरपूर आहे, पण ते अंगावर घेणाऱ्या बायका कमी आहेत.

आणि हाडांवर भार यायला हवा. आपल्या आज्या विहिरीचं पाणी ओढत, भात कांडत, डोक्यावरून भारे आणत. त्या कष्टांचं गुणगान मला करायचं नाही, त्यांपायी आज्यांचे गुडघे गेले. पण स्नायू आणि हाडं दोन्ही वजन पेलल्यावरच टिकतात, हे तत्त्व खरं आहे. नुसतं संध्याकाळी फिरणं हृदयाला चांगलं, हाडांना पुरेसं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, भिंतीला हात लावून दंड काढणं, जमलं तर जिममध्ये शिकवणाऱ्याच्या नजरेखाली वजनं उचलणं. साठीच्या बाईने वजनं उचलली तर लोक हसतील, ही भीती सोडून द्यावी.

हृदय आणि पोट

चाळिशीतल्या बाईला त्याच वयाच्या पुरुषापेक्षा हृदयविकाराचा झटका कमी येतो. पाळी गेल्यावर हे अंतर मिटत जातं. शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरातच वाईट कोलेस्टेरॉल झरझर चढतं, रक्तवाहिन्या कडक व्हायला लागतात, रक्तदाब वाढू शकतो. वजन वाढण्यात वयाचा वाटा मोठा असतो, पण ती चरबी मांड्या-कुल्ह्यांकडून पोटाकडे सरकते हे हॉर्मोनच्या बदलाने घडतं, आणि पोटाची चरबी साखर आणि हृदय या दोन्हींना वाईट. भारतीय बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं.

म्हणून पाळी जायच्या वर्षात एकदा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून आकडे लिहून ठेवावेत. रक्तदाब आणि साखर तिशीनंतर सगळ्यांचीच सरकारी आरोग्य केंद्रात तपासली जाते.

झटक्याबद्दल एक गोष्ट सगळ्या घराला माहीत हवी. बायकांच्याही छातीत दुखतंच, पण जोडीला किंवा कधी त्याऐवजी धाप लागणं, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ, विचित्र थकवा असं होतं. "पित्त झालंय" म्हणून सोलकढी पिऊन बाई पडून राहते आणि मोलाचे तास जातात. गोव्यात 'स्टेमी गोवा' प्रकल्पामुळे जवळच्या सरकारी केंद्रात ईसीजी काढून तो बांबोळीला गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या, तज्ज्ञांना दाखवण्याची आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देण्याची सोय झाली आहे. तिथपर्यंत वेळेत पोहोचणं मात्र घरच्यांच्या हातात आहे.

जे कुणी बोलत नाही

वाफा जातात, झोप परतते, पण एक त्रास असा आहे की तो आपोआप जात नाही, वर्षांगणिक वाढतो. योनीमार्ग, लघवीची जागा आणि मूत्राशयाचं तोंड यांचं अस्तर इस्ट्रोजेनवर टिकून असतं. ते पातळ आणि कोरडं पडतं. मग आग होते, खाज येते, संबंधांच्या वेळी दुखतं, पुन्हा पुन्हा लघवीचा जंतुसंसर्ग होतो. शिंकताना, हसताना थेंब सुटतात. बाई आरत्यांना मांडवात बसायचं टाळते, लांबच्या बसप्रवासात पाणी पीत नाही. नवऱ्याला वाटतं बायकोचं मन उडालं. ती "दुखतं" हा एक शब्द बोलू शकत नाही, आणि दोघं एकाच घरात दोन खोल्यांत झोपायला लागतात.

यावर सोपे, स्वस्त आणि सुरक्षित उपाय आहेत. योनीमार्गात लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं मलम रक्तात फारच थोडं उतरतं आणि जंतुसंसर्गही कमी करतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर ते आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. हॉर्मोन नको असेल तर ओलावा देणारी जेल मिळतात. लघवी अडवून धरताना जे स्नायू आवळतो, ते दिवसातून तीनदा दहा-दहा वेळा आवळून सोडले, तर तीन महिन्यांत थेंब सुटणं पुष्कळ जणींचं कमी होतं. दर दोन महिन्यांनी अँटिबायोटिकचा कोर्स घेणाऱ्या साठीच्या बाईने डॉक्टरांना एकदा तरी विचारावं, "हे कोरडेपणामुळे तर नसेल?"

"हॉर्मोनने कॅन्सर होतो ना?"

आता त्या काळ्या चौकटीकडे येऊ. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतला एक प्रचंड मोठा प्रयोग मध्येच थांबवला गेला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं औषध एकत्र घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढला, असा निष्कर्ष होता. जगभर घबराट झाली आणि लाखो बायकांनी गोळ्या फेकून दिल्या.

२६ टक्के म्हणजे किती? औषध न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला ३० जणींना स्तनाचा कॅन्सर होत होता, घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे १०,००० मागे ८ जास्त. ज्या घरात हे घडतं त्या घरासाठी आठ हा आकडा लहान नाही. पण ऐकताना मनात जी भीती बसली, तिच्या मानाने तो फारच लहान आहे. दुसरी गोष्ट, त्या प्रयोगातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. वाफांचा त्रास ज्या वयात असतो, त्याच्या कितीतरी पुढचं. गर्भाशय काढलेल्या ज्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं गेलं, त्यांच्यात पुढे स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही, उलट काहीसा कमीच निघाला.

आजची समजूत अशी. वय ६० च्या आत आणि पाळी जाऊन १० वर्षं झाली नसतील, त्रास खरोखर असेल, तर बहुतेक निरोगी बायकांसाठी हॉर्मोनचे फायदे धोक्यांपेक्षा जास्त ठरतात. वाफांवर याच्याइतका गुणकारी उपाय दुसरा नाही, आणि हाडंही वाचतात. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत दुसरं हॉर्मोन घ्यावंच लागतं, नाहीतर अस्तर वाढून गर्भाशयाचा कॅन्सर होऊ शकतो. नुसत्या इस्ट्रोजेनवरचा तो इशारा अमेरिकेनेही काढलेला नाही. त्वचेवर लावायच्या जेल किंवा पट्टीने रक्ताची गुठळी होण्याचा धोका गोळीपेक्षा कमी. स्तनाचा कॅन्सर, गुठळी, पक्षाघात किंवा झटका होऊन गेला असेल, यकृताचा चालू आजार असेल, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर हे औषध नाही. नुसतं हृदय चांगलं राहावं किंवा कातडी तरुण दिसावी म्हणूनही नाही.

हॉर्मोन चालत नसेल तर दुसरे पर्याय आहेत. नैराश्यावरच्या काही औषधांच्या लहान मात्रेने वाफा कमी होतात. मेंदूतल्या त्या अतिजागरूक पेशींवरच काम करणारं फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं, त्यात यकृताची तपासणी करत राहावी लागते. 'हॉर्मोन बॅलन्स' करून देणाऱ्या पावडरी आणि कॅप्सूलांवर पैसे घालवण्याआधी त्यात नेमकं काय आहे ते डॉक्टरांना दाखवा.

"नैसर्गिक आहे, मग औषध कशाला?"

चाळिशीत जवळचं दिसेनासं होतं तेही नैसर्गिकच, तरी आपण चष्मा लावतो. मला हा आक्षेप अधिक बोचतो तो यासाठी, की तो बाईच्याच दुखण्यापुढे ठेवला जातो. ज्यांना काही त्रास नाही, अशाही पुष्कळ बायका असतात, त्यांना काहीच घ्यायची गरज नाही. ज्यांना आहे, त्यांनी तो सोसायलाच हवा असा नियम कुणी केला?

'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' या स्तनतपासणीच्या मोहिमेत बायकांनी पुढे येऊन तपासण्या करून घेतल्या. बोलावलं तर त्या येतात. अशाच शिबिरांत चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकीला "पाळी कशी आहे, झोप लागते का, लघवीचा त्रास आहे का" एवढे तीन प्रश्न विचारले गेले, तरी कितीतरी जणींचं बोलणं सुरू होईल.

पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर

वर्षभर पाळी नाही आणि मग एक दिवस कपड्यावर डाग. थेंबभर असो, एकदाच असो, डॉक्टरकडे जायचं. चवथ झाल्यावर बघू, लग्न उरकल्यावर बघू, असं नाही. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, पातळ झालेलं अस्तर किंवा लहानशी गाठ. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होणाऱ्या बायकांपैकी सुमारे ९० टक्के जणींना असाच रक्तस्राव झालेला असतो, आणि लवकर सापडला तर तो बरा होतो. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात, गरज पडली तर त्याचा तुकडा काढून तपासतात.

पिशवी काढलेल्यांसाठी

आपल्याकडे जास्त अंगावरून जातं म्हटलं की "पिशवी काढून टाक, कटकट मिटेल" हा सल्ला फार सहज दिला जातो. गोळ्या, गर्भाशयात बसवायचं हॉर्मोनचं साधन अशा पर्यायांचं नावही निघत नाही. शेजारच्या महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये उजेडात आलं, तेव्हा तिशीत पिशवी काढलेल्या बायका किती आहेत हे लोकांना कळलं.

नुसती पिशवी काढली आणि बीजकोश ठेवले, तर पाळी थांबते पण हॉर्मोन चालू राहतं, फक्त रजोनिवृत्ती थोडी आधी येऊ शकते. दोन्ही बीजकोश काढले, तर जे एरवी काही वर्षांत होतं ते एका रात्रीत होतं, आणि हाडं व हृदयाची झीज तितकी आधी सुरू होते. पंचेचाळिशीच्या आत असं झालं असेल, तर निदान नैसर्गिक वयापर्यंत हॉर्मोन घ्यावं असा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो, अर्थात ज्यांना ते चालत नाही त्यांना सोडून. इथे भीतीने औषध टाळण्यातच जास्त नुकसान आहे.

पण आपले बीजकोश आहेत की काढले, हेच अनेकींना माहीत नसतं. ऑपरेशनच्या वेळी कुणी सांगितलेलं नसतं, सही नवऱ्याने केलेली असते. तेव्हा मिळालेलं डिस्चार्ज कार्ड शोधा. रेशनकार्ड आणि बँकेच्या पासबुकाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत बहुधा असतंच. त्यावर शस्त्रक्रियेचं नाव लिहिलेलं असतं. वाचता आलं नाही तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना दाखवून स्पष्ट विचारा, "माझे दोन्ही बीजकोश आहेत ना?" कार्ड हरवलं असेल तर ज्या इस्पितळात ऑपरेशन झालं तिथे जुनी नोंद मागता येते, आणि सोनोग्राफीतही बऱ्याचदा समजतं. बीजकोश नसतील आणि ते पंचेचाळिशीच्या आत काढले असतील, तर त्याच भेटीत डेक्साची चिठ्ठी मागून घ्या.